अधिक महिना आणि तीन महिन्यांची मुदत

१९३६ सालच्या सप्टेंबरची चार तारीख, शुक्रवार. भोरच्या आमच्या घराच्या पडवीत मी अनारशांचे तांदूळ निथळून पंच्यावर पसरत होते. तीन दिवस भिजलेले, रोज पाणी बदललेले तांदूळ. ते जरा ओलसर असतानाच कुटावे लागतात. फार वाळले तर पीठ मिळून येत नाही, आणि फार ओले राहिले तर अनारसा तुपात पडताच पसरतो. त्याला आमच्याकडे अनारसा हसला म्हणतात, आणि तो हसला की करणारीला रडू येते. म्हणून माझे सगळे लक्ष तांदळाकडे होते.

अधिक भाद्रपद चालू होता. अधिकात जावयाला तेहतीस अनारशांचे वाण देतात. आमचे जावई आफ्रिकेत, मोंबासाला एका पेढीत नोकरीला होते, तेव्हा त्यांच्या नावाचे वाण देवळात द्यायचे मी ठरवले होते. लेक त्यांच्याबरोबर तिकडेच होती. तिला दिवस गेले होते आणि तिच्या बाळंतपणासाठी मी डिसेंबरअखेर बोटीने निघणार होते. तिकीट झाले होते, कागद झाले होते. माझ्या मते सगळे चोख झाले होते.

जायचे कारण साधे होते. दोन वर्षांपूर्वी तिचे पहिले मूल पोटातच गेले. त्या वेळी घरात दुसरी बाई नव्हती. शेजारीण धावून आली, पण तिची भाषा हिला येईना आणि हिची तिला. डॉक्टरांना निरोप जाऊन ते येईपर्यंत पाच तास गेले. एक जाणती बाई उशाशी असती तर मूल वाचले असते की नाही, हे मी सांगू शकत नाही, पण लेक पाच तास एकटी राहिली नसती. या खेपेला तू भोरला ये, असे मी लिहिले, तर तिथल्या डॉक्टरांनी बोटीच्या प्रवासाला मनाई केली. तेव्हा ती येत नाही तर मी जाते, असे मी घरात सांगितले.

“तू?” आमचे हे म्हणाले. “पुण्याच्या पलीकडं कधी गेली आहेस?”

“आळंदीला गेलेय.”

“आळंदीहून बोट सुटत नाही.”

असे म्हणाले खरे, पण दुसऱ्या दिवशी कचेरीतून येताना ते अर्जाचे कागद घेऊन आले. हे कचेरीत कारकून होते आणि अर्ज लिहिण्यात त्यांचा हात धरणारा भोरात कोणी नव्हता. आम्ही संस्थानची प्रजा, म्हणून माझा अर्ज भोरातून पुण्याला आणि तिथून आणखी कुठेकुठे जाऊन आला. शेवटी माझा फोटो चिकटवलेले एक लहान पुस्तक हातात पडले. फोटोत मी छायाचित्रकारावर रागावल्यासारखी दिसते, आणि मी रागावलेच होते. त्याने मला तीनदा हनुवटी वर करायला लावली होती.

मुदतीचे जावयांनी पत्रात स्पष्ट लिहिले होते. नोकरीला किंवा कायमचे राहायला येणाऱ्याचे कागद वेगळे, आणि ते व्हायला फार काळ लागतो. नुसते भेटीला येणाऱ्याला तीन महिने. बंदरावर पुस्तकात शिक्का मारतात, त्या तारखेपासून मोजायचे. वाढवून मिळेल या भरवशावर येऊ नका, असेही त्यांनी लिहिले होते. त्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या आईंना, सून अंथरुणावर असताना, मुदत भरली म्हणून परतीच्या बोटीत बसावे लागले होते.

ही बातमी आळीत पसरली तेव्हा शेजारच्या वहिनींनी मला गाठले.

“पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, आणि तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल जाई,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला तर तीन महिने दिलेत. परत याल तेव्हा डोक्यात काही शिल्लक राहील का हो?”

“थोडी तुमच्याकडं ठेवून जाते,” मी म्हटले.

तीन महिने मला भरपूर वाटत नव्हते. पण जेवढे आहे तेवढ्यात भागवायची मला सवय आहे. मी विचार केला की बाळंतपणाआधी तिथे जाऊन बसून राहण्यात एकही दिवस वाया घालवायचा नाही. आईचे खरे काम मूल झाल्यावर सुरू होते. शेकशेगडी, तेल लावणे, डिंकाचे लाडू, बाळाचे अंघोळपाणी, सव्वा महिना झाल्यावर लेकीला हळूहळू कामाला लावणे. म्हणून बाळंतपणाच्या आधी पंधरा-सोळा दिवस हातात ठेवायचे आणि बाकीची सगळी मुदत नंतरसाठी वापरायची.

लेकीने लिहिले होते, ‘गुढीपाडव्याला मी बाहेर बसले होते. त्यानंतर नाही.’ नऊ महिने नऊ दिवस मी बोटांवर मोजले. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष. नऊ झाले. वर नऊ दिवस, म्हणजे पौष शुद्ध नवमीच्या आसपास. पंचांगात पाहिले तर ती जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात येत होती. सव्वीस डिसेंबरची बोट धरली तर पाच जानेवारीला उतरायचे, आणि पाच एप्रिलपर्यंत राहता येत होते. हे हिशेब करताना मी ह्यांनासुद्धा विचारले नाही. नुसती तारीख सांगितली, आणि त्यांनी पुण्याच्या तिकिटांच्या पेढीला पत्र लिहिले.

तर त्या शुक्रवारी मी तांदूळ पसरत असताना वेल्ह्याच्या मावशी आल्या.

वेल्हे माझे माहेर. माझे वडील तिथे शाळामास्तर होते. मावशी म्हणजे तिथल्या एका शेतकऱ्याच्या घरच्या, सुईणपण करणाऱ्या. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची निम्मी पोरे त्यांच्या हातची, आणि माझी लेकही. त्यांची मुलगी भोरात दिलेली होती, त्यामुळे दोन-तीन महिन्यांनी त्यांची फेरी व्हायची. आल्या की माझ्याकडे डोकवायच्या आणि रिकाम्या हाताने कधी यायच्या नाहीत. हे अनारशांचे तांदूळही त्यांनीच आणून दिलेले.

“ताई, तांदूळ जुनं हाईत न्हवं? नव्याचं अनारसं लई हसत्यात.”

“तुम्हीच दिलेत मागच्या खेपेला.”

“मग झ्याक हाईत,” म्हणत त्यांनी पदर खोचला, उखळाशी बसल्या आणि मुसळ हातात घेतले. कामाला बसू का, हे त्या कधी विचारत नसत. मी पंच्यावरचे तांदूळ ओंजळीने उखळात घालायला लागले.

“लेकीचं काय? कितवा?”

“पाच पुरे झाले. भाद्रपद लागला की सहावा.”

“भादवा लागून पंदरा दिस झालं की.”

“हा अधिक भाद्रपद, मावशी. खरा लागायला अजून बारा दिवस आहेत.”

मुसळ थांबले. मावशींनी माझ्याकडे पाहिले.

“मंग ह्यो म्हैनाभर पोटातलं प्वार काय करतंय? हातावर हात ठिवून बसलंय व्हय?”

“अधिक महिना धरत नाहीत.”

“कोन धरत न्हाई? भटजी धरत न्हाईत. लगीन करायचं न्हाई, मुंज करायची न्हाई, म्हून धरत न्हाईत. पोराला काय त्याचं? माजी म्हस गाभन हाय, तिला कुनी पंचांग वाचून दावलंय?”

“म्हशीचं वेगळं, माणसाचं वेगळं.”

“काय बी येगळं न्हाई. आमी पुनवा मोजतो. पुनव अधिकातली असू दे न्हाई तर कंची बी. चांद त्योच, प्वाट त्येच.”

मला राग आला. मुदतीचा दिवसन्‌दिवस मी जपून ठेवला होता आणि ही बाई मुसळ हातात धरून तो सगळा हिशेब उधळून लावत होती. मी काहीतरी तोडून बोलणार होते, इतक्यात त्या म्हणाल्या, “तुमच्या लेकीच्या वक्ताला बी तुमी ह्येच केलं. माजं कुनी ऐकलं न्हाई.”

ते मला लगेच आठवले. लेक झाली त्या वर्षीही भाद्रपदच अधिक होता. मला माघात होणार असे सासूबाईंनी मोजून सांगितले होते आणि ती झाली पौषात, वेल्ह्याला, कडाक्याच्या थंडीत. सातव्यातले जगते आणि आठव्यातले जगत नाही, असे आमच्याकडे म्हणत. त्यामुळे घरात सगळ्यांची तोंडे उतरली. मुलीला कापसात गुंडाळून ठेवले. दोन महिने तिला दारात आणली नाही. पुढे ती चालायला लागली, पळायला लागली, तरी अठमाशी म्हणून तिला विहिरीवर पाठवायचे नाही, झाडावर चढू द्यायचे नाही, उपास करू द्यायचा नाही. तिच्या लग्नाच्या बोलण्यातसुद्धा आम्ही हे प्रामाणिकपणे सांगितले होते. ती मात्र लहानपणापासून धडधाकट होती. ‘अठमाशी असून’ इतकी चांगली निघाली, याचे आम्ही कौतुक करत असू.

“म्या तवाच बोल्ले हुते,” मावशी म्हणाल्या. “नखं बगा, बोटाच्या फुडं आलीत. डोसक्यावर केस बगा. प्वार पुऱ्या दिसाची हाय. तर तुमच्या आई म्हनल्या, तुला काय कळतंय. म्या गप ऱ्हायले. पोरगी जगली, मंग कशाला वाद घाला?”

मी उठले. तांदूळ तसेच टाकून आत गेले आणि भिंतीवरचे इंग्रजी तारखांचे कॅलेंडर खिळ्यावरून काढून आणले. पाडवा मार्चच्या चोवीस तारखेला होता. मावशी म्हणतात तशा पौर्णिमा-अमावास्या मोजल्या, अधिकातल्याही धरल्या, तर नऊ महिने नऊ दिवस नाताळच्या आसपास भरत होते. हे पटत नाही म्हणून इंग्रजी महिन्यांनी मोजले. चोवीस मार्चपासून चोवीस डिसेंबर, वर नऊ दिवस, दोन जानेवारी. मी उतरणार पाच जानेवारीला.

म्हणजे कसेही मोजले तरी मी पोचेन तेव्हा सगळे होऊन गेलेले असणार. लेक दुसऱ्यांदा एकटी असणार होती, आणि ते माझ्या हुशारीमुळे.

“काय निगालं?” मावशींनी विचारले.

“तुमची म्हैस बरोबर आहे.”

“म्हशीला सांगते,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा कुटायला लागल्या. “आता रडत बसू नगा. दिस हाईत अजून. लवकर जावा.”

मी रडत नव्हते. लवकर जायचे तर किती लवकर, हे मी पाहत होते, कारण लवकर उतरावे तर मुदतही लवकर संपणार. बोटींचे छापील वेळापत्रक ह्यांनी आणून ठेवले होते. सव्वीस डिसेंबरच्या आधी आमच्या उपयोगाची एकच बोट होती, एकवीस नोव्हेंबरची. ती एक डिसेंबरला पोचायची. तिथून तीन महिने म्हणजे फेब्रुवारीअखेर, आणि फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा.

हे संध्याकाळी कचेरीतून आले, हातपाय धुतले आणि चहा घ्यायला बसले. मी कॅलेंडर, वेळापत्रक आणि लेकीचे पत्र त्यांच्यापुढे ठेवले आणि माझी चूक काय झाली ते सांगितले. चूक सांगताना आडवळण घेतले की वेळ जातो, म्हणून सरळ सांगितले.

ह्यांनी लेकीचे पत्र उचलून पुन्हा वाचले. मग म्हणाले, “अधिक मास धरत नाहीत हे शास्त्र आहे.”

“शास्त्राला मूल व्हायचं नाही. तुमच्या लेकीला व्हायचंय.”

“एका अडाणी बाईच्या सांगण्यावरून...”

“तिनं शेकड्यानं बाळंतपणं केलीत. तुम्ही आणि मी मिळून एक, आणि तेही मोजायला चुकलो.”

ते कानाची पाळी चोळायला लागले. कचेरीतला अडलेला कागद समोर आला की ते असेच करत. “तिकीट झालंय. पत्रव्यवहार पुरा झालाय. आपण जावयांना लिहून विचारू. तिथल्या डॉक्टरांचं काय म्हणणं आहे ते कळू दे.”

“पत्र जायला तीन आठवडे, यायला तीन. तोपर्यंत नोव्हेंबरच्या बोटीत जागा राहील?”

“आणि मावशींचंच चुकलं असलं तर? तू एक डिसेंबरला जाऊन बसशील. मूल होईल जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, आणि तुझी मुदत संपेल फेब्रुवारीत. मग?”

हा प्रश्न बरोबर होता आणि त्याचे उत्तर मी दुपारीच काढून ठेवले होते. “मावशी चुकल्या असल्या तरी मूल झाल्यावर मला पाच आठवडे मिळतात. सव्वा महिना कसाबसा बसतो. बारशाचे लाडू बांधून मी बोटीत बसेन. आणि मावशी बरोबर असल्या आणि मी डिसेंबरअखेर निघाले, तर लेकीला कळा लागतील तेव्हा मी बोटीवर असेन. यात तुम्हाला कोणती चूक चालेल ते सांगा.”

त्यांनी कॅलेंडर स्वतःकडे ओढले आणि बोट ठेवून एकेक आठवडा मोजला. दोनदा मोजला. मी मध्ये बोलले नाही. माझ्या सांगण्यापेक्षा स्वतः मोजलेले त्यांना लवकर पटते, हे वीस-बावीस वर्षांत मला कळले होते.

“दिवाळी?” त्यांनी विचारले.

“दिवाळी आधी होते. फराळाचं करून जाईन.”

“तुळशीचं लग्न?”

“ते तुम्ही लावा. नवरा मुलगा तयार आहे, अंतरपाट धरायला शेजारच्या वहिनी आहेत. लोकांच्या लग्नात अक्षता टाकून जेवायला पहिल्या पंगतीला बसता, आता एक लग्न लावून बघा.”

यावर ते हसले आणि मला कळले की काम झाले. ते म्हणाले, “उद्याच पेढीला पत्र लिहितो.”

“पत्र नको. मी स्वतः पुण्याला जाते. पत्राला उत्तर येईपर्यंत जागा गेली तर पुन्हा दुसरं पत्र लिहाल. तुम्ही फक्त अर्ज लिहून सही करून द्या. तारीख बदलावी, एवढंच लिहा.”

“एवढंच कसं लिहिता येईल? कारण द्यावं लागतं.”

“काय कारण देणार?”

त्यांनी टाक शाईत बुडवला. “घरगुती अडचण,” असे त्यांनी शेवटी लिहिले, आणि त्याखाली झोकदार सही केली.

मावशी तोपर्यंत सगळे तांदूळ कुटून, चाळून, पीठ झाकून ठेवून लेकीच्या घरी गेल्या होत्या. मी पिठात गूळ मळून गोळे डब्यात भरले. ते पीठ चार दिवस मुरायला लागते, तेव्हा त्याची मला घाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी पहाटे उठून भाकरी-भाजी करून ठेवली आणि सहाच्या मोटारीने पुण्याला निघाले. पुस्तक, तिकीट आणि अर्ज एका फडक्यात बांधून पोलक्याच्या आत ठेवले होते. मोटार शिवऱ्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली. ड्रायव्हर चहा पीत कोणाशी तरी बैलांच्या खरेदीवर बोलत होता. मी खिडकीतून त्याला म्हटले, “बैल घेऊन झाले असतील तर निघू या का? माझं ऑफिस एकला बंद होतं.” तो मुकाट्याने गाडीत येऊन बसला.

तिकिटांच्या पेढीत काउंटरवर एक चष्मेवाला माणूस होता. त्याने अर्ज वाचला, पुन्हा वाचला.

“सव्वीस डिसेंबरचं एकवीस नोव्हेंबरला आणायचंय? बाई, लोक तारीख पुढं ढकलायला येतात. मागं घ्यायला कुणी येत नाही.”

“मी आलेय.”

“परवाना भेटीचा दिसतोय. तीन महिन्यांचा. लवकर गेलात तर लवकर परत यावं लागेल, लक्षात आहे ना?”

“मोजलंय. या खेपेला कॅलेंडर घेऊन मोजलंय.”

“यजमान नाही आले?”

“त्यांची सही आली आहे.”

त्याने एक लांबलचक वही उघडली आणि पेन्सिलीच्या टोकाने नावे चाचपत खाली गेला. मी काउंटरची कड धरून उभी होते. बोटीच्या बायकांच्या भागात एक जागा शिल्लक होती, चार बायकांच्या खोलीत, वरची. वर चढावे लागेल, चालेल का, असे त्याने विचारले. मी म्हटले, चालेल. त्याने जुन्या तिकिटावर आडवी रेघ ओढली, नवे लिहिले आणि शिक्का मारून माझ्याकडे सरकवले. मी तिथेच उभी राहून तारीख, वार आणि माझे नाव वाचून घेतले.

तिथून मी तारघरात गेले. इंग्रजी मला येत नव्हते, म्हणून तिथल्या बाबूला मराठीत सांगितले आणि त्याने लिहिले. जावयांच्या नावाने तार केली की मी एकवीस नोव्हेंबरला निघते, एक डिसेंबरला बंदरावर या, आणि डॉक्टरांना सांगा की मूल जानेवारीत नाही, डिसेंबरात आहे.